फरशी फोडण्याचे काम निघाले आहे. घरात एक कुत्रा आणि दोन मांजरे आहेत

प्रश्न: पागोळी, पुणे

नमस्कार. सहकारनगर भागात १९८९ साली बांधलेल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचे दोन बेडरूमचे घर आहे. इमारतीला लिफ्ट नाही. दिवाळी आटोपल्यावर, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून, दोन्ही न्हाणीघरे, स्वयंपाकघर आणि संपूर्ण घरातली मोझॅकची फरशी बदलण्याचे ठरले आहे. वायरिंगही मूळचेच असल्यामुळे भिंतींत खाचा पाडून ते नव्याने टाकावे लागेल आणि सर्वांत शेवटी रंगकाम होईल. कंत्राटदाराने सहा आठवड्यांची मुदत सांगितली आहे. शेजाऱ्यांचा अनुभव पाहता आम्ही ती आठ आठवड्यांची धरून चाललो आहोत.

घरात आम्ही दोघे, सासूबाई आणि तीन प्राणी राहतो. खंड्या हा नऊ वर्षांचा देशी कुत्रा आहे. एरवी तो शांत असला, तरी मोठ्या आवाजाला इतका भितो की लक्ष्मीपूजनाची अख्खी रात्र न्हाणीघरात बादलीच्या मागे बसून काढतो, आणि आता नेमके तेच न्हाणीघर फोडले जाणार आहे. लाडू हा पाच वर्षांचा, नसबंदी केलेला बोका असून मागच्या वर्षी लघवी अडकल्यामुळे त्याला तीन दिवस दवाखान्यात ठेवावे लागले होते. ठमी ही दोन वर्षांची मांजरी आमच्याशिवाय कोणाच्याही हाती लागत नाही आणि पाहुण्यांची चाहूल लागताच माळ्यावर चढते.

दीड-दोन महिन्यांसाठी भाड्याचे घर शोधून पाहिले. प्राणी आहेत असे म्हटल्याबरोबर पलीकडून फोन ठेवला जातो. सोसायटीने प्राणी पाळण्यास बंदी करू नये, अशा ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचना आहेत हे मला ठाऊक आहे. परंतु घरमालकाने दुसरेच कारण सांगून नकार दिला, तर त्यांचा काही उपयोग होत नाही. प्राण्यांना सांभाळणारी दोन ठिकाणेही पाहून आलो. कुत्र्यासाठी त्यांतले एक बरे वाटले, परंतु मांजरांचे पिंजरे कुत्र्यांच्या समोरच मांडलेले होते.

त्यामुळे आम्ही घरातच राहून काम करून घेण्याच्या विचारात आहोत. हे कितपत शक्य आहे? धूळ, आवाज आणि वास यांपैकी अधिक काळजी कशाची करावी? सासूबाईंचे म्हणणे असे, की गावाकडे घर सारवायला घेतले की मांजर आपण होऊन चुलीमागे जाऊन बसते, त्याची कोणी बैठक बोलावत नाही. त्यांचे म्हणणे मला पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.


ओळंबा, पिंपरी-चिंचवड

मी २२ वर्षे घरांच्या नूतनीकरणाची कामे घेत आहे आणि त्यांतली बरीचशी माणसे राहत असलेल्या घरांतली आहेत. तुमचा बेत शक्य आहे, मात्र त्यासाठी कामाचा क्रम बदलावा लागेल आणि तो कंत्राटदाराशी पैसे ठरवण्यापूर्वीच बदलावा लागेल.

सगळी फोडाफोड एका दमात उरकणे कंत्राटदाराच्या सोयीचे असते, कारण बिगारी एकदाच आणावे लागतात आणि राडारोडा टेम्पोच्या एक-दोन फेऱ्यांत निघून जातो. तुमच्या घरी असे होऊ देऊ नका. आतली, स्वतःचे न्हाणीघर असलेली बेडरूम आधी घ्यावी आणि तिची फरशी, वायरिंग, न्हाणीघर व रंग हे सारे पूर्ण करून, खिडक्या उघड्या ठेवून ती चार-पाच दिवस हवेशीर होऊ द्यावी. मग प्राणी आणि झोपण्याचे सामान त्या खोलीत हलवून उरलेल्या घराला हात घालावा. पहिली खोली चालू असताना प्राणी दुसऱ्या टोकाच्या बेडरूममध्ये राहतील. अशाने माझ्या अनुभवात काम आठ-दहा दिवसांनी लांबते आणि बिगाऱ्यांच्या जादा फेरीचा खर्च येतो. तो खर्च भाड्याच्या घरापेक्षा नक्कीच कमी असतो.

तुम्ही धूळ, आवाज आणि वास विचारलात. मला त्याहून अधिक भीती दाराची वाटते. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून राडारोडा गोणीत भरून खांद्यावरून खाली न्यावा लागतो. एका न्हाणीघराच्याच साठ-सत्तर गोण्या निघतात, आणि गोणी खांद्यावर असलेला माणूस दर खेपेला दार लावत बसत नाही, ते त्याला शक्यही नसते. म्हणून मुख्य दारावर भरवसा न ठेवता प्राण्यांच्या खोलीला कुलूप लावावे. कडी पुरत नाही, कारण प्लंबरला पाण्याचा वॉल्व्ह शोधायचा असतो, वायरमनला स्विचबोर्ड पाहायचा असतो, आणि प्रत्येकजण सहज म्हणून कडी काढतो. किल्ली तुमच्या खिशात असावी. सेफ्टी डोअर रंगवण्यासाठी सुरुवातीलाच उतरवून ठेवण्याची काही कारागिरांना सवय असते. ते सर्वांत शेवटी उतरवा असे आधीच सांगून ठेवावे.

आता दुसरी बाजू. कुत्र्याला भिणारे कारागीर पुष्कळ असतात आणि त्यात चूक काही नाही. घरमालक ‘तो काही करत नाही’ असे म्हणतात, हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे. कुत्रा चावला तर लशीसाठी ०, ३, ७, १४ आणि २८ अशा ठरलेल्या दिवशी दवाखान्यात जावे लागते, आणि रोजंदारीवरच्या माणसाचे तेवढे खाडे होतात. ज्या घरात कुत्रा मोकळा फिरतो, तिथे चांगला गवंडी दुसऱ्या दिवशी येत नाही, आणि न येण्याचे खरे कारणही तो सांगत नाही. शिवाय जेवणाच्या सुट्टीत कोणी मायेने कोंबडीचे हाड टाकतो, तंबाखूची अर्धी पुडी फरशीवर राहून जाते, खिळे आणि तारांचे तुकडे तर सगळीकडेच असतात. कामाच्या जागेत कुत्रा नसणे हे दोघांच्याही हिताचे आहे.

सोसायटीने तोडफोडीच्या वेळा ठरवून दिल्या असतील. त्या लेखी मागून घ्या, कारण तुमच्या कुत्र्याची दिनचर्या त्यांवरूनच ठरणार आहे.


नाडीपरीक्षा, ठाणे

मी लहान प्राण्यांची डॉक्टर आहे. ओळंबा यांनी दाराविषयी लिहिले ते माझ्या दवाखान्यातल्या अनुभवाशी जुळते. घराचे काम चालू असताना आमच्याकडे हरवलेल्या प्राण्यांचीच चौकशी सर्वांत जास्त येते. खंड्याच्या गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला आजपासूनच असावा, आणि मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिच्या १५ अंकी क्रमांकापुढे तुमचा सध्याचाच फोन नोंदलेला आहे ना, हे तपासून घ्यावे.

तुमच्या तीन प्राण्यांपैकी मला सर्वाधिक काळजी लाडूची वाटते. ताण आला की बोक्यांच्या मूत्राशयाला सूज येऊ शकते, आणि त्यांचा मूत्रमार्ग इतका अरुंद असतो की थोडा चिकट स्राव किंवा खडे साचले तरी तो बंद होतो. एकदा असे झालेल्या बोक्याला पुन्हा होण्याचा संभव जास्त असतो. मार्ग पूर्ण बंद झाला तर रक्तातले पोटॅशियम वाढून एक-दोन दिवसांत जिवावर बेतू शकते. म्हणून त्याच्या शी-शूसाठी माती भरून ठेवलेल्या ट्रेकडे रोज सकाळ-संध्याकाळ लक्ष द्यावे. तो वारंवार ट्रेमध्ये बसत असेल, ओरडत असेल किंवा मागचा भाग सतत चाटत असेल आणि माती कोरडीच असेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. बद्धकोष्ठ असेल असे समजून लोक एरंडेल देतात आणि त्यात मोलाचे तास जातात. खोलीत मांजरे दोन आहेत म्हणून ट्रे तीन ठेवावेत, आणि लाडूला या काळात ओले अन्न देऊन पाणी अधिक पोटात जाईल असे पाहावे. प्लंबर पाणी बंद करील त्या दिवसांसाठी त्यांचे पाणी वेगळे भरून ठेवावे.

ठमी बहुधा लपून बसेल आणि जेवणार नाही. एखादा दिवस चालेल. परंतु मांजराने सलग दोन दिवसांहून जास्त काही खाल्ले नाही, तर यकृतात चरबी साठण्याचा आजार सुरू होऊ शकतो, विशेषतः मांजर लठ्ठ असेल तर. तिला लपायला जागा आपणच द्यावी: कपाटाचा खालचा खण, आडवे ठेवलेले खोके, वर तुमची न धुतलेली चादर. घरातले सगळे वास बदलत असताना त्या चादरीचा वास तेवढा ओळखीचा राहतो, म्हणून ती स्वच्छतेच्या उत्साहात धुऊ नये.

आवाजाबद्दल इतकेच सांगते, की माणसाला सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० आणि मांजराला सुमारे ६४,००० हर्ट्झपर्यंतचे. कटर फरशीवर चालताना आपल्याला जे किंचाळणे ऐकू येते, त्याच्या वरचा भाग त्यांना ऐकावा लागतो. खंड्या फटाक्यांना भितो, म्हणजे फरशी फोडण्याच्या यंत्राला, ब्रेकरलाही भिणार. त्याला कोंडून ठेवण्यापेक्षा आवाजाच्या वेळेत घराबाहेर नेणे उत्तम. तेही जमणार नसेल तर भीती कमी करणारी औषधे आहेत, मात्र ती तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्यावीत आणि पहिली मात्रा एखाद्या निवांत रविवारी देऊन परिणाम पाहावा. नुसती गुंगी आणणाऱ्या औषधाने कुत्रा आडवा पडतो, पण आत भीती तशीच राहते. आणि घरातली गोळी मनाने देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराला मारू शकते.

वासांमध्ये मी रंगापेक्षा शेवटच्या साफसफाईला जास्त भिते. काम संपले की कामावरची मुले ॲसिडने फरशी धुतात आणि वर फिनेल टाकतात. ज्या रासायनिक क्रियेने आपले यकृत फिनॉलसारखे पदार्थ निकामी करते, ती मांजरात फार दुबळी असते. मांजर ओल्या फरशीवरून चालते, मग पंजे चाटते आणि ते सारे पोटात जाते. ॲसिडवर ब्लीच ओतले तर क्लोरीन वायू निघतो, तो माणसांनाही घातक आहे. साफसफाईच्या दिवशी दोन्ही मांजरांना कोंडूनच ठेवावे आणि फरशी साध्या पाण्याने तीनदा पुसून मग त्यांना सोडावे. ओले सिमेंट आणि टाइल चिकटवण्याचे मिश्रण हे तीव्र क्षारीय असते, त्याने पंजे भाजतात. पाय भरलेच तर चाटू न देता लगेच भरपूर पाण्याने धुवावेत. तेलरंग केसांना लागला तर थिनर किंवा टर्पेंटाइन कधीही लावू नये. तेवढे केस कापून टाकावेत, किंवा खाण्याचे तेल चोळून मग भांड्याच्या साबणाने धुवावे.

वाळवीचा उपचार करून घेणार असाल तर कोणते औषध वापरणार ते नावासह विचारा. परमेथ्रिनसारखी औषधे कुत्र्याला सोसतात, पण मांजराला आकडी आणतात.


मांजरपाट, डोंबिवली

मी थोडे वेगळे सांगतो. तीन वर्षांपूर्वी आम्हीही ‘एक खोली बंद ठेवू’ असेच ठरवले होते. नवव्या दिवशी आमची मांजरी दिसेनाशी झाली. सोसायटीचे जिने, गच्ची, पार्किंग, शेजारचा भूखंड, सगळे पालथे घातले. रात्री दोनच्या सुमारास हॉलच्या छतातून आवाज आला. दुपारी पीओपीच्या छताचा शेवटचा तुकडा बसवला गेला होता आणि ती आत होती. सुताराला मध्यरात्री बोलावून नवे कोरे छत कापले. ती पांढरीशुभ्र होऊन बाहेर आली आणि थेट स्वयंपाकघरात जाऊन जेवली. आम्ही मात्र पुढचा आठवडाभर झोपलो नाही.

म्हणून माझे मत असे, की मांजरे सरळ बाहेर ठेवावीत. ते जमतच नसेल, तर जे जे काही बंद होणार असेल त्याआधी डोकी मोजावीत: छताचा तुकडा, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्यांची मागची पाठ, न्हाणीघराच्या डक्टची जाळी, माळ्याचे दार. दोन्ही मांजरे डोळ्यांनी दिसल्याशिवाय सुताराला स्क्रू लावू देऊ नये. खिडक्या बदलत असाल तर ग्रिल किती वाजता निघणार आणि किती वाजता पुन्हा बसणार हेही विचारावे. ‘आज काढतो, उद्या बसवतो’ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक अख्खी रात्र उघडी असते.


नाडीपरीक्षा, ठाणे

मांजरपाट यांची भीती खरी आहे, परंतु उपायाशी मी पूर्ण सहमत नाही. कुत्रा माणसांना धरून असतो, मांजर जागेला. खंड्याला तुमच्यासोबत कुठेही नेले तरी तो दोन दिवसांत रुळेल. ठमीसारखे कोणाच्याही हाती न लागणारे मांजर नातेवाइकांच्या घरी नेले, तर पहिल्या संधीला ते खिडकीतून निघून जाते आणि अनोळखी परिसरात परतीची वाट त्याला सापडत नाही. छतात अडकलेले मांजर निदान घरातच असते. लाडूच्या दृष्टीनेही, एका ओळखीच्या खोलीतला गोंगाट हा अनोळखी पिंजऱ्यासमोरच्या कुत्र्यांपेक्षा कमी ताणाचा आहे. फक्त तेलरंगाचे आणि पॉलिशचे दिवस मी वेगळे मानते. त्या दोन-चार दिवसांसाठी आमच्यासारख्या एखाद्या दवाखान्यात मांजरांची वेगळी खोली मिळते का ते आताच विचारून ठेवा. लसीकरण अपुरे असेल तर ते किमान दोन आठवडे आधी पूर्ण व्हायला हवे.


पागोळी, पुणे

सर्वांचे मनापासून आभार. सोसायटीचे पत्र काढून पाहिले. तोडफोडीला सकाळी १० ते १ आणि दुपारी ४ ते ६ अशी परवानगी आहे, रविवारी पूर्ण बंद. नारायण पेठेत माझी मावशी एकटी राहते आणि खंड्याला ती लहानपणापासून ओळखते. फोडाफोडीच्या दिवसांत सासूबाई आणि खंड्या रिक्षाने सकाळी तिच्याकडे जातील व संध्याकाळी परत येतील, असे ठरत आहे. सासूबाईंना बैठक बोलावलेली आवडली नव्हती, पण ही व्यवस्था त्यांनीच सुचवली.

दोन शंका उरतात. मोझॅकची फरशी न फोडता तिच्यावरच नवी टाइल बसवता येते असे एकजण म्हणाले. त्याने आवाज आणि धूळ टळेल का, आणि त्यात काही खोट आहे का? दुसरे असे, की घराचे दरवाजे आणि चौकटी मूळच्या आहेत, त्यांवर तेलरंगाचे पाच-सहा थर चढलेले आहेत आणि सर्वांत आतला थर गडद हिरवा आहे. रंगारी ते सगळे घासून काढू म्हणतो.


ओळंबा, पिंपरी-चिंचवड

मला हे आधीच सुचायला हवे होते. खोल्यांमधली मोझॅक फरशी घट्ट असेल तर तिच्यावर चिकटद्रव्याने टाइल बसवणे हा तुमच्या परिस्थितीत सर्वांत चांगला मार्ग आहे. ब्रेकरचे काम जवळजवळ संपते आणि गोण्या एक-चतुर्थांशावर येतात. फरशीवर दांडीने ठोकत फिरावे. जिथे पोकळ आवाज येईल तेवढ्याच फरशा काढून खळगे भरावेत, आणि मोझॅकची चकाकी घासून खरबरीत करून घ्यावी, नाहीतर पकड येत नाही. जमिनीची उंची १२ ते १५ मिलिमीटरने वाढते, म्हणून दरवाजे खालून कापावे लागतात. वजनही वाढते, साधारण चौरस मीटरला २५ किलो. इमारत १९८९ सालची असल्यामुळे सोसायटीच्या इंजिनिअरला एकदा विचारून घ्या. न्हाणीघरे मात्र फोडावीच लागतील, कारण खालचे वॉटरप्रूफिंग नव्याने केल्याशिवाय वरची टाइल व्यर्थ आहे.

गच्चीकडच्या बाल्कनीवर जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्याला कटर लावू देऊ नका. त्यात ॲसबेस्टॉस असते, आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक असते. पूर्ण पत्रा उतरवून खाली न्यावा.


नाडीपरीक्षा, ठाणे

गडद हिरवा थर वाचून लगेच लिहीत आहे. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नसावे, हा नियम आपल्याकडे २०१६ साली झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या तेलरंगांत, विशेषतः हिरव्या, पिवळ्या आणि लाल छटांत, शिसे भरपूर असू शकते. कोरड्या पॉलिश पेपरने तो रंग घासला की त्याची बारीक पूड सगळीकडे बसते, मांजराच्या केसांत अडकते, आणि दिवसाचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवणाऱ्या प्राण्याच्या पोटात जाते. लहान मुलांनाही त्याचा तितकाच धोका असतो. भूक मंदावणे, उलट्या, पोटदुखी, पुढे आकडी, अशी त्याची लक्षणे आहेत, आणि सुरुवातीला ती साध्या अपचनासारखीच दिसतात. दरवाजे बिजागऱ्यांतून काढून इमारतीबाहेर सुताराच्या कारखान्यात न्यावेत. चौकटी हलवता येत नाहीत, तिथे जुना रंग न खरवडता वरूनच लॅमिनेट किंवा नवा रंग द्यावा. घासणे अटळच असेल तर पाणी मारून ओले घासावे आणि पूड झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

आणखी एक गोष्ट, जी कोणी विचारत नाही: टाइल चकचकीत घेऊ नका. नऊ वर्षांचा कुत्रा मोझॅकवर वाढला आहे; गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइलवर त्याचे मागचे पाय घसरतात आणि असलेली सांधेदुखी दुप्पट होते. दुकानात मॅट किंवा अँटिस्किड टाइल मागावी आणि ती ओली करून हाताने घासून पाहावी.


खुराडे, नाशिक

मूळ प्रश्नात पक्षी नाहीत, तरी हा धागा पुढे कोणीतरी वाचेल म्हणून लिहितो. पक्ष्यांच्या बाबतीत ‘एक बंद खोली’ हा उपाय चालत नाही. त्यांच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि श्वासातून वाफा फार वेगाने रक्तात जातात; थिनर, पॉलिश आणि चिकटद्रव्याच्या दिवशी पिंजरा दुसऱ्या घरी असलाच पाहिजे. माझे दोन कॉकाटील (तुरेवाले छोटे पोपट) पूर्ण महिनाभर बहिणीकडे होते. माशांच्या टाकीत हवा सोडणारा पंप खोलीतलीच हवा पाण्यात ढकलतो, हे माझ्या लक्षात उशिरा आले. टाकी हलवणे शक्य नव्हते, म्हणून पंप बाल्कनीत ठेवून लांब नळी आत आणली आणि टाकीवर ओले फडके टाकले. मासे वाचले.


पागोळी, पुणे

जानेवारी उजाडला आणि काम संपले, म्हणून झाले ते कळवते. एकूण साडेआठ आठवडे लागले.

आतली बेडरूम आधी पूर्ण केली आणि मांजरे तिथे हलवली. ठमी दोन दिवस कपाटाच्या खणात होती. दिवसा तिने काही खाल्ले नाही, पण दोन्ही रात्री वाटी रिकामी झाली. कुलपाचा निर्णय सर्वांत उपयोगी पडला, कारण पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ती कडी तीनदा काढून पाहिली होती. बाराव्या दिवशी लाडू लागोपाठ चार वेळा ट्रेमध्ये जाऊन बसला आणि माती कोरडी होती. रात्री दहा वाजता त्याला डॉक्टरांकडे नेले. मार्ग बंद नव्हता, मूत्राशयाला सूज होती. औषधे दिली आणि तीन दिवसांत ठीक झाला. इथे वाचले नसते तर मी सकाळपर्यंत थांबले असते.

खोल्यांत मोझॅकवरच मॅट टाइल बसवली. चौकटींवर लॅमिनेट लावले, दरवाजे कारखान्यात गेले आणि दहा दिवस आम्ही दारांच्या जागी जाड चादरी लावून राहिलो. फक्त मांजरांच्या खोलीचे दार शेवटी उतरवले, आणि त्या तीन दिवसांत मांजरे दवाखान्याच्या खोलीत होती. खंड्याला मावशीच्या घराची इतकी सवय झाली की आता तो सकाळी साडेनऊला दाराशी जाऊन रिक्षाची वाट पाहतो.

ओळंबा, एक शेवटची विचारणा. बाल्कनीची जुनी फरशी तशीच ठेवल्यामुळे हॉल आणि बाल्कनी यांच्यामध्ये दीड सेंटिमीटरची धार तयार झाली आहे, आणि अंधारात बाहेरून आत येताना खंड्याचा पाय तिथे अडखळतो. आता काही करता येईल का?


ओळंबा, पिंपरी-चिंचवड

करता येईल. उंबऱ्यालगत बाल्कनीच्या बाजूने ग्रॅनाइटचा एक पट्टा बसवून घ्या, चार इंच रुंद, एका बाजूला दीड सेंटिमीटर जाड आणि दुसऱ्या बाजूला उतरता, वर पॉलिश न केलेला. पट्ट्याखालून पाणी मुरू नये म्हणून कडा सिलिकोनने भराव्यात. दोन तासांचे काम आहे. माप घेऊन पट्टा ग्रॅनाइटवाल्याकडूनच कापून आणायला सांगा. घरात पुन्हा कटर चालवू देऊ नका.